वाडे, किल्ले, संग्रहालयं पाहायला जाताय? फोटोसाठी एवढं वाचून जा

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि पुढे शाळांच्या सहली परतल्या, की आमच्या स्टुडिओत प्रिंट काढायला गर्दी होते. कोणी सिंदखेड राजाहून लखुजीराव जाधवांच्या वाड्याचे फोटो आणतं, कोणी लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे, कोणी नागपूरच्या अजब बंगल्याचे. "भाऊ, याचा मोठा फोटो करून द्या, बैठकीत लावायचा हाय," असं काकाजी हौसेनं सांगतात. स्क्रीनवर फोटो मोठा केला, की कोरीवकामाच्या जागी नुसता राखाडी धब्बा दिसतो. प्रिंट कितीही चांगल्या कागदावर काढली तरी तो धब्बा जात नाही. तो फोटो काढतानाच टाळावा लागतो, आणि साध्या मोबाइलवरही टाळता येतो.

आधी फ्लॅश बंद करा

घरून निघतानाच बंद करा, तिथे आठवत नाही. मोबाइलचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, त्यामुळे मोठ्या दालनात त्याचा उपयोग नाही. जवळच्या वस्तूवर तो समोरून पडतो आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतो. मूर्तीचं नाक, दागिने, वस्त्राच्या चुण्या हे सगळं सावलीमुळे उठून दिसतं. सावली गेली की मूर्ती सपाट झाली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जुनी वस्त्रं, पोथ्या, रंगवलेली चित्रं यांचा रंग उजेडानं उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालयं अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड ठेवतात. तो अंधार मुद्दाम केलेला असतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे ती चित्रांच्या रक्षणासाठीच.

दगडाला तिरपा उजेड लागतो

आपल्याकडची देवळं बहुतेक काळ्या दगडाची. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात त्यावरचं कोरीवकाम दिसतच नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा प्रत्येक रेघ वर येते. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर गेलात तर महाकाली दरवाज्यापाशी घाई करू नका. १४८७ सालचा हा दरवाजा, फिकट दगडाचा, दोन्ही बाजूंना सज्जे आणि त्यांना दगडी जाळ्या. समोरून एक फोटो काढून लोक पुढे जातात. सज्ज्याच्या आत जाऊन जाळीतून येणारा उजेड टिपा, मग जवळ जाऊन दरवाज्यावर कोरलेल्या एकाच कमळाचा फोटो घ्या. (हा किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून जावं लागतं, तेव्हा वेळ धरून निघा.)

शिलालेखाबद्दल मात्र कळकळीची विनंती. अक्षरं दिसावीत म्हणून काही जण त्यावर खडू घासतात, चुना किंवा पीठ भरतात, तेल-पाणी लावतात. कृपा करून असं करू नका. खडू घासताना झिजलेली कड आणखी झिजते, तेलावर धूळ बसून थर जमतो. चारपाचशे वर्षं पावसापाण्यात टिकलेलं अक्षर आपल्या एका फोटोपायी जायला नको. त्याऐवजी सोबतच्या माणसाच्या हातात मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावून द्या. त्याला लेखाच्या एका बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटून उभं करा आणि उजेड आडवा पाडायला सांगा. लेखावर तुमची सावली घ्या, म्हणजे बॅटरीचाच उजेड राहील. एक फोटो डावीकडून उजेड टाकून, एक उजवीकडून, एक वरून काढा. डोळ्यांना न दिसलेली अक्षरं या तीन फोटोंत मिळून वाचता येतात. अशा फोटोंना पुढे अभ्यासकही विचारतात.

काळ्या दगडाची आणखी एक अडचण आहे. मोबाइलला वाटतं समोर अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळवतो आणि काळा दगड राखाडी करून टाकतो. वर सांगितलेला धब्बा बहुतेक वेळा असाच येतो. स्क्रीनवर मूर्तीवर बोट टेकवा. सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं खाली ओढा. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला याच्या उलट, थोडं वर.

काचेच्या कपाटातली वस्तू

अजब बंगल्याचं संग्रहालय १८६३ पासूनचं. तिथे काय किंवा कुठेही काय, काचेत वस्तूपेक्षा आपलाच पांढरा शर्ट जास्त दिसतो. जायच्या दिवशी गडद कपडे घाला. लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या, पण कपाटाला टेकू नका. दुसऱ्या हाताचा तळवा वरून आडोशासारखा धरा. तरी मागच्या खिडकीची चमक येत असेल तर सोबतच्या ताईंना गडद ओढणी पसरून तुमच्या पाठीमागे उभं राहायला सांगा.

झूम करू नका. दोन बोटांनी ओढून मोठा केलेला फोटो बहुतेक मोबाइलांत नुसता कापलेला असतो. चालत जवळ जा. अंधारात सर्वांत चांगला चालतो तो मोबाइलचा मुख्य म्हणजे १x कॅमेरा. कोपर छातीला टेकवा, श्वास धरा आणि नाइट मोड संपेपर्यंत हलू नका.

फोटोत आडवे काळे पट्टे येतात ते मोबाइल बिघडल्यामुळे नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर (म्हणजे फोटोत उजेड घ्यायचा वेळ) १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा, पट्टे जातात.

वाड्याच्या खोल्या

दारातून किंवा कोपऱ्यातून काढा, खोली मोठी दिसते. मोबाइल वर-खाली कलला की खांब आत झुकतात, म्हणून सेटिंगमधल्या ग्रिडच्या रेघा चालू करून खांब त्या रेघेला जुळवा. माणूस खिडकीपुढे उभा केला तर चेहरा काळा येतो. त्याला खिडकीच्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून उभं करा. सेवाग्रामच्या बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत, तीही अशाच बाजूच्या उजेडात खुलतात. मात्र अशा जागी आत फोटो काढायचा का, हे आधी तिथल्या माणसाला विचारा आणि नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका.

प्रत्येक वस्तूच्या फोटोनंतर तिच्या पाटीचाही एक फोटो घ्या. गुरुजी, सहलीच्या मुलांना एवढं तरी नक्की सांगा. घरी आल्यावर कोणती तलवार कुठली होती हे कोणालाच आठवत नाही, आणि नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीच्या कामाचा उरत नाही.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात. ट्रायपॉड आणि ड्रोनला मात्र आधी परवानगी लागते. नागपूरचं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

प्रिंटला आणताना

निघण्यापूर्वी आणि मधूनमधून लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. खर्र्याचं बोट लेन्सला लागलं की सगळे फोटो धुरकट येतात. उन्हाळ्यात मोबाइल गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, तापून बंद पडतो.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४×६ इंची प्रिंटलाच १२००×१८०० पिक्सेल लागतात. १२×१८ ला असा फोटो ताणला तर इंचाला जेमतेम ९० पिक्सेल उरतात, आणि बैठकीतला फोटो फुटलेला दिसतो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सर्वांत बरं म्हणजे ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल आणि त्याची केबल घेऊन या. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस सोडून आलात तर फोटो सोबत बसून निवडू.