चालता येते म्हणजे मणका मोडला नाही?

आपल्याकडं वर्षानुवर्षं फिरणारी गोष्ट: "पडल्यावर चालता आलं म्हणजे हाड शाबूत, नुसती उसण भरली, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या नाहीतर चोळून घ्या."

हे पटणं साहजिक आहे, कारण पायाचं हाड मोडलं की माणूस बहुतेक वेळा उभाच राहात नाही. पण कमरेचे ५ मणके एकावर एक रचलेले असतात, त्यातला एखादा समोरून दबला, पिचकला तरी मागची बाजू बरेचदा टिकून राहते, म्हणून बाई बैलबंडीवरून पडल्यावरही कण्हत कण्हत घरी चालत येते अन् दुसऱ्या दिवशी वावरात कापूस वेचायलाही जाते. हाड ठिसूळ झालं असलं तर पाण्यानं भरलेली गुंडी उचलतानाही मणका दबू शकते.

मग ओळखायचं कसं? उभं राहिलं की दुखते, आडवं झालं की बरं वाटते, मणक्यावर हलकं ठोकलं तरी कळ येते, असं असलं तर एक्सरे काढाच. सुरवातीला एक्सरेत कधी कधी दिसत नाही, दुखणं राहिलं तर एमआरआयत कळते.

जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तंबाखू, बिडी, शुगर असली तर आणखी उशीर. अन् तोवर पाठीवर पाय देणं, जोरानं चोळणं नकोच, दबलेलं हाड आणखी दबू शकते.

पायात मुंग्या, ताकद कमी, लघवी अडकली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.