चकचकीत इंजिन म्हणजे जतन केलेलं इंजिन नव्हे

कुणीतरी वाफेच्या जुन्या इंजिनाचा फोटो दाखवतं. हिरवागार रंग, आरशासारखं पितळ, चाकांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. आणि मग हमखास ते वाक्य येतं: ‘काय सुंदर जतन केलंय!’ नाही हो. ते जतन केलेलं नाही, त्याचा जीर्णोद्धार झालाय. दोन्ही कामं आपापल्या जागी चांगली, पण ती एक नव्हेत. बऱ्याचदा एक केलं की दुसऱ्याची वाट कायमची बंद होते.

जीर्णोद्धार सगळ्यांना ठाऊक असतो. इंजिन खोलायचं, गंज काढायचा, गेलेले भाग नवे घडवायचे, रंग द्यायचा, जमलं तर वाफ धरायची. घोळ होतो तो दुसऱ्या शब्दापाशी. जतन म्हणजे जीर्णोद्धाराचीच स्वस्त, अर्धवट आवृत्ती असं लोक धरून चालतात. ‘पैसे जमले नाहीत, म्हणून नुसतं जतन केलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

जतन करणारा वस्तू जशी हाती आली तशी धरून ठेवतो. झीज थांबवतो, ओल हटवतो, आणि जे करेल ते पुढच्याला उलटवता येईल असं करतो. जीर्णोद्धार करणारा त्या वस्तूच्या आयुष्यातला एक दिवस निवडतो आणि तिला तिथवर मागे नेतो. त्या दिवसानंतर तिच्यावर जे जे घडलं, ते त्याला पुसावं लागतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: दिवस कुठला? उत्तर देता आलं नाही, तर समोरचा फक्त रंगकाम करतोय असं समजावं.

इंग्रज अभियंते स्टीफन्सन यांचं ‘रॉकेट’ घ्या. ऑक्टोबर 1829 मध्ये इंग्लंडात रेनहिल इथे झालेली इंजिनांची चाचणी-स्पर्धा जिंकलेलं इंजिन. चित्रांत ते पिवळंधमक, सिलिंडर चांगलेच तिरपे, पांढरं उंच धुराडं. पण संग्रहालयातलं खरं रॉकेट बघायला गेलं की माणूस हिरमुसतो. काळपट, बोडकं, सिलिंडर जवळजवळ आडवे. ‘हे रॉकेट वाटतच नाही,’ असं म्हणणारे भेटतात. पण खरं तेच आहे! रेनहिलनंतर थोड्याच काळात सिलिंडर खाली आणले गेले, कारण तिरप्या सिलिंडरांच्या धक्क्यांनी इंजिन डुलायचं. पुढे धूरपेटी, म्हणजे धुराड्याखालची धूर जमणारी पेटी, जोडली गेली. चाचणी जिंकलेलं यंत्र रोजच्या कामाला लागल्यावर काय काय बदलावं लागलं, ते त्या लोखंडावर लिहिलेलं आहे. 1999 मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असल्याच खुणांवरून त्याचा इतिहास जुळवता आला. कुणी हौसेने सिलिंडर पुन्हा तिरपे करून पिवळा रंग फासला असता, तर फोटो झकास आले असते आणि वाचण्यासारखं काही उरलं नसतं. ज्यांना धावणारं पिवळं रॉकेट हवं होतं, त्यांनी 1979 मध्ये त्याची वेगळी प्रतिकृती बांधली. मूळ इंजिनाला हात न लावता हौस भागली.

दिवस निवडताना घसरणं किती सोपं आहे, ते ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ दाखवतं. 1923 चं हे इंजिन पोपटी-हिरव्या रंगात आणि 4472 या क्रमांकाने जगाला पाठ आहे. पण त्याला दुहेरी धुराडं बसलं 1959 मध्ये, आणि धूर वर ढकलणारे बाजूचे पत्रे 1961 मध्ये. तेव्हा ते ब्रिटिश रेल्वेच्या गडद हिरव्या रंगात 60103 म्हणून धावत होतं. म्हणजे दुहेरी धुराडं, बाजूचे पत्रे आणि वर तो पोपटी रंग असं रूप त्याच्या नोकरीच्या एकाही दिवसाचं नाही. दहा वर्षांच्या कामानंतर 2016 मध्ये ते रुळांवर परतलं ते गडद हिरव्या रंगात आणि 60103 क्रमांकाने. लाडका रंग गेला म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय पटतो. दिवस निवडलात ना, मग त्याच दिवसाशी प्रामाणिक राहा.

रंगाचं वेड का घातक, ते हाताएवढ्या जागेत दाखवता येतं. संवर्धन करणारे लोक जुन्या पत्र्यावर एक रुपयाएवढा गोल बारीक पॉलिश पेपरने उताराने घासतात. झाडाच्या खोडासारखी वलयं उमटतात. वरचा काळा, त्याखाली दुसरा काळा, मग हिरव्याच्या दोन छटा, मध्येच वार्निशची पिवळट रेघ, आणि तळाशी अस्तराचा तांबूस थर. इंजिन कोणकोणत्या मालकांकडे होतं, कधी चांगले दिवस होते आणि कधी नुसता काळा रंग मारून भागवलं, सगळं त्या वलयांत. मग ठेकेदार येतो, दाबाने वाळू मारतो, आणि दोन दिवसांत पत्रा उघडा पडतो. वर जाड ऑइलपेंट. कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्यावर, ठोकलेले आकडेही त्यात बुजतात. हे आकडे लोकांना दिसतच नाहीत. शेडमध्ये सुटे भाग एका इंजिनाचे दुसऱ्याला लागत, आणि रॉडवर भलताच क्रमांक सापडला की ती अदलाबदल उघड होते. एकदा अशा रॉडवर बोट फिरवत मी आकडा चाचपत होतो, तर शेजारचा गृहस्थ म्हणाला, ‘थांबा, आम्ही पुढच्या महिन्यात ते घासून गुळगुळीत करणार आहोत.’

दुसरा हट्टी समज म्हणजे चालू इंजिन हेच खरं जतन, उभं इंजिन म्हणजे मेलेलं. ‘मॅलार्ड’ला कुणी मेलेलं म्हणून बघा! 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैल गाठणारं ते इंजिन आज संग्रहालयात थंड उभं आहे आणि त्याचं काही बिघडलेलं नाही. बॉयलर म्हणजे खर्ची पडणारी वस्तू. प्रत्येक वेळी तापताना आणि थंड होताना पत्रा ताणतो. राखेतलं गंधक ओलीशी मिळालं की धातू खातं. नळ्या बदलाव्या लागतात, फायरबॉक्सचे, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचे, स्टे (आधाराच्या सळया) बदलावे लागतात, पुढे फायरबॉक्सच नवा करावा लागतो. ब्रिटनमध्ये तर बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी उतरवून तपासतात. चाकांचे पोलादी टायर झिजतात, लेथवर कातले जातात, शेवटी नवे चढतात. इंजिन चालवणं म्हणजे त्याचं मूळ द्रव्य थोडंथोडं खर्चणं. खर्च करू नये असं नाही. आपल्याकडची 1855 ची ‘फेअरी क्वीन’ 1997 मध्ये पुन्हा गाडी ओढायला लागली, तेव्हा ते बघण्यात जो आनंद होता तो काचेमागे मिळत नाही. फक्त त्या आनंदाला जतन म्हणू नका.

मोटारींत हाच प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला. फ्रान्समधली ल मां मोटारशर्यत 1929 आणि 1930 मध्ये जिंकलेली बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ पुढे इतकी बदलली होती की मूळचं फारच थोडं उरलं होतं. न्यायाधीशांनी तरी ती तीच गाडी मानली, कारण तिचा इतिहास अखंड होता. म्हणजे ओळख टिकली, द्रव्य गेलं. जतनाला द्रव्याशी कर्तव्य असतं. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची ट्युरिन सनदही जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवते.

प्रतिकृती आणि नवं इंजिन यांवर फार बोलायला नको. 2008 मध्ये पूर्ण झालेलं ‘टॉर्नेडो’ जुन्या नमुन्यावर बांधलेलं नवंकोरं इंजिन आहे, आणि ते तसंच सांगतं. व्हिंटेज कुठे संपतं, क्लासिक कुठून सुरू होतं, हा वाद तर मंडळागणिक वेगळा. तो ज्याचा त्याने घालावा.

माझं झुकतं माप कुठे आहे ते लपलेलं नाहीच. एका वर्गाची, म्हणजे एकाच नमुन्याची, पाच-पन्नास इंजिनं उरली असतील तर दोनचार खुशाल उघडा, चालवा, लोकांना शिट्टी ऐकवा. एकच उरलं असेल आणि त्यावर अजून कामाची काजळी असेल, तर हात आवरा. कोरडं छप्पर द्या, बॉयलरवरच्या पत्र्याआड साचलेली ओल काढा, पुसटसं तेल लावा. आणि जीर्णोद्धारच करायचा ठरला, तर काढलेला प्रत्येक भाग भंगारात न टाकता चिठ्ठी बांधून ठेवा, फुटका फायरबॉक्ससुद्धा. टायरांना पांढरा रंग मात्र देऊ नका, निवडलेल्या दिवशी तो होता असं फोटोत दाखवता येत नसेल तर.