स्टील आणि री-स्टील: मधल्या स्टॅकच्या दोन वेगळ्या चाली

पोकरच्या या दोन्ही चालींत ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पानं बघण्याआधी सक्तीने लावलेल्या रकमा) पदरात पडतात आणि दोन्ही समोरच्याच्या फोल्डवर (पानं टाकून देण्यावर) पोसल्या जातात. म्हणून टूर्नामेंट खेळणारे बरेच जण त्यांना एकच समजतात. १५ ते २५ बिग ब्लाइंडच्या (दोन ब्लाइंडपैकी मोठ्याच्या पटीत मोजलेल्या) स्टॅकला, म्हणजे खेळाडूकडच्या चिप्सना, ही गल्लत महागात पडते, कारण एका चालीतून मागे फिरता येतं, दुसरीतून नाही.

स्टील म्हणजे तुमच्याआधीच्या सगळ्यांनी पानं टाकलीत आणि पहिला रेझ (बोली वाढवणं) तुमचा आहे. ब्लाइंड (छोटा अर्धा, मोठा एक) आणि एक बिग ब्लाइंडची अँटी (आणखी एक सक्तीची रक्कम) मिळून पॉटमध्ये (जिंकायच्या रकमेत) अडीच ब्लाइंड आहेत. २.२ चा रेझ केला, तर सुमारे ४७ टक्के वेळा सगळे फोल्ड झाले की हिशेब तिथेच जुळतो.

इथे खुर्ची, म्हणजे टेबलावरची जागा, फार मोलाची. मागचा प्रत्येक जण ८० टक्के वेळा फोल्ड करतो असं धरा. कटऑफच्या (बटन म्हणजे डीलरच्या जागेच्या लगेच आधीची खुर्ची) मागे तिघे, म्हणजे सगळे फोल्ड होण्याची शक्यता ५१ टक्के. हायजॅकच्या (कटऑफच्या आधीची खुर्ची) मागे चौघे, की तीच ४१ वर येते. प्रत्यक्षात बिग ब्लाइंडवाला याहून बराच जास्त कॉल करतो (तेवढीच रक्कम लावून हातात राहतो), पण तेव्हा फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) तो तुमच्याआधी बोलतो आणि थोडी भरपाई होते. तरी राजा-नव्वी ऑफसूट (दोन पानं वेगवेगळ्या प्रकारची, जसं बदाम आणि इस्पिक) मी कटऑफवरून उघडेन, म्हणजे पहिला रेझ करेन, हायजॅकवरून टाकून देईन. मागून ऑल-इन (सगळा स्टॅक पणाला लावणं) आला तर फोल्ड करायचं. २० मधले १७.८ शिल्लक राहतात.

री-स्टीलमध्ये पहिला रेझ दुसऱ्याचा असतो. कटऑफने २.२ केले, तुम्ही बटनवर २० ब्लाइंड घेऊन ऑल-इन गेलात. जिंकायला आता ४.७ आहेत, पण पणाला सगळा स्टॅक. ब्लाइंड बाजूला झाले आणि कॉल झाल्यावर तुमची पानं ३५ टक्के वेळा जिंकतात असं धरलं, तर कटऑफने ५२ टक्के वेळा फोल्ड करायला हवं. शेवटच्या खुर्च्यांवरून सैल हाताने (कमकुवत पानांवरही) उघडणारा तेवढं फोल्ड करतो. पहिल्या खुर्चीवरून रेझ करणारा सहसा करत नाही. आठ ब्लाइंडवाल्याने रेझ केला असेल तर तो जवळजवळ अडकलेलाच असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पानंही बदलतात. राजा-नव्वी इथे कुचकामी, कारण कॉल करणाऱ्याकडे बहुधा त्याहून सरस राजा किंवा एक्का निघतो. सूटेड (दोन्ही पानं एकाच प्रकारची) एक्का-पंजी मात्र उपयोगी: तुमच्या हातातल्या एक्क्यामुळे समोरच्याला एक्क्यांची जोडी मिळण्याचे ६ मार्ग ३ होतात, एक्का-राजाचे १६ चे १२.

आणि स्टील करताना दुसऱ्याची री-स्टील तुमच्यावर येऊ शकते. रेझआधी मागचे स्टॅक मोजा. बटनवर १५ ब्लाइंडचा धाडसी खेळाडू असेल, तर कटऑफवरून मुख्यतः तीच पानं उघडा, ज्यांनी त्याचा ऑल-इन कॉल करता येईल.