माळ्यावरचे पत्ते, मोबाइलवरची नक्षी

सोलापुरातल्या पूर्व भागात एका ओळखीच्यांचा चादरीचा जुना कारखाना आहे. त्याच्या माळ्यावर दोरीत ओवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या गड्ड्या रचून ठेवल्यात. हे जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राचे पत्ते. बाण्याचा, म्हणजे आडवा एक धागा टाकायला एक पत्ता लागतो. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या वाट्याचा ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. नक्षी पुरी व्हायला असे ८०० आडवे धागे लागत असतील, तर पत्तेही ८००. काही गड्ड्यांच्या कडा उंदरांनी कुरतडल्यात, तरी रद्दीत घालायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.

हे पत्ते आणि ज्यांवरून ते पाडले ते नक्षीचे ग्राफ पेपर स्कॅन करून इंटरनेटवर ठेवावेत, असं घरातल्या धाकट्याच्या मनात आलं. त्यावर घरातच दोन तट पडले. थोरले म्हणतात, सगळ्यांना दिसलं तर पानिपतचे चादरवाले उद्याच विणायला घेतील. धाकट्याचं उत्तर : ते आज तरी कुठे थांबलेत?

एके काळी विद्या राखायला वेगळं कुलूप लागत नव्हतं. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे येऊन वसले. कांडी भरता भरता पोरगं बघत असे, पुढे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात लावायला मिळे, आणि पुष्कळ वर्षांनी ताणी लावायला. घरात नि मागावर बोली तेलुगू, मराठी बाजारापुरती. बाहेरचा माणूस मागाशेजारी दिवसभर उभा राहिला तरी त्याला अर्धंच कळायचं. भाषेचंच कुंपण होतं.

ज्या अवजारांवर हा धंदा उभा राहिला, त्यांचा इतिहास मात्र उघड्या दाराचा आहे. झटक्याच्या धोट्याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये घेतलं. तिथल्या कापडवाल्यांनी धोटा बिनदिक्कत वापरला, रॉयल्टी मात्र दिली नाही. वर कुणावर खटला झालाच तर खर्च वाटून घ्यायला त्यांनी आपसात मंडळंही काढली. के फिर्यादींच्या खर्चातच बुडाला. जेकार्डचं नेमकं उलट झालं. लिऑनच्या जोसेफ मारी जाकारने (जेकार्ड हे त्याच्याच नावाचं आपल्याकडचं रूप) १८०४ च्या सुमारास आपलं यंत्र पुरं केलं. १८०६ मध्ये फ्रान्सच्या सरकारने ते सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केलं. जाकारला पेन्शन आणि दर यंत्रामागे ठरावीक रक्कम लावून दिली. ज्ञान सगळ्यांचं झालं, पण ज्याचं होतं त्याच्या पोटाची सोय लावून. आपल्याकडच्या वादात हा दुसरा भाग कुणी काढतच नाही.

आपलं ज्ञान बाहेर गेलं तेव्हा अशी सोय कुणी लावली नाही. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच तयार झाले : १३ ब्रिटनमध्ये, ७ हिंदुस्थानात. इथले लोक काय नेसतात आणि पांघरतात हे तिकडच्या गिरण्यांना बसल्या जागी कळावं, हा त्याचा हेतू. ज्यांनी ते कापड विणलं त्यांना त्याचा छदामही मिळाला नाही. थोरल्यांच्या मनातली धास्ती हवेतून आलेली नाही, ती या अनुभवातून आलीय.

हळदीच्या प्रकरणानंतर देशाचं धोरणही याच धास्तीतून ठरलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. मग २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहू लागला. तो फक्त पेटंट कार्यालयांनाच बघता येई, तेही गुप्ततेच्या करारावर. इतरांनाही तो पैसे भरून टप्प्याटप्प्याने खुला करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये मान्यता दिली. हा संग्रह मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांचा. त्यात मागाला जागा नाही.

मागाच्या वाट्याला आलं ते भौगोलिक मानांकन. कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये, आणि पहिल्याच काही वर्षांत सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांची नोंद झाली. पण त्याने राखलं जातं ते नाव. दुसऱ्या गावी विणून 'सोलापुरी' म्हणून विकलं तर गुन्हा. तशीच चादर स्वतःच्या नावाने विकली तर मानांकन आड येत नाही. गंमत म्हणजे हे मानांकन मिळवायला मालाचं वर्णन आणि तो करायची रीत अर्जात लिहून द्यावी लागते, आणि तो अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापला जातो. कुलूप मिळवायला दार आधी उघडावं लागतं, ते असं.

नक्षीचा हिशेब वेगळा. २००० च्या डिझाइन कायद्यात नवी नक्षी नोंदवली तर १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. अट एकच : नोंदणीआधी ती कुठेही लोकांपुढे आलेली नसावी. नवी नक्षी हौसेने व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवली की नोंदणी हातची जाऊ शकते. कॉपीराइटकडे वळावं तर तिथेही अडचण आहे. नोंदणीजोगी नक्षी न नोंदवता ५० हून अधिक वेळा उतरवली की तो हक्क संपतो. पन्नास चादरी म्हणजे चालत्या कारखान्यात कितीसा वेळ?

तेव्हा माझं मत सांगायचं तर नव्या नक्षीबद्दल थोरले बरोबर आहेत : आधी नोंदणी, मग फोटो. माळ्यावरच्या पत्त्यांबद्दल मात्र धाकटा. त्या चादरी चाळीस वर्षांपूर्वीच घरोघर पोचल्या. चादरीचा फोटो कॉम्प्युटरवर टाकून इलेक्ट्रॉनिक जेकार्डची फाइल बनवणारे कारागीर आता हवे तिथे आहेत. त्यांना आपल्या गड्ड्यांची गरजच नाही. गरज पडलीच तर ती आपल्याच पोरांना पडेल.

शेवटी धाकट्याने नमुन्याला एक ग्राफ स्कॅन करून मला पाठवला. रंगवलेले चौकोन स्वच्छ दिसतात. कोपऱ्यात पेन्सिलीने सुताचा नंबर, फणीचा नंबर आणि रंगाबद्दलच्या दोन ओळी लिहिल्यात, तेलुगूत. धाकट्याला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. ते वाचून घ्यायला तो स्कॅन घेऊन थोरल्यांकडेच गेला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हे बाबांचं अक्षर. रंगाचं प्रमाण मुद्दाम चुकीचं लिहायचे ते."