सात अक्षरं आणि एका संपादकाची यादी

‘स्पेलिंग बी’ म्हटलं की आपल्याकडे आठवते ती अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची स्पर्धा. १९८५ साली बालू नटराजन ती जिंकला आणि पुढे भारतीय वंशाच्या मुलांनी ती जवळपास आपल्याच नावावर करून टाकली. न्यूयॉर्क टाइम्समधलं याच नावाचं रोजचं कोडं वेगळं. मधमाशांच्या पोळ्यातल्या घरांसारख्या सात षट्कोनांत सात इंग्रजी अक्षरं असतात. त्यांतून जमतील तेवढे शब्द काढायचे. शब्द किमान चार अक्षरी हवा, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरायची मुभा.

समजा, मध्ये ‘के’ आहे आणि भोवती आय, टी, सी, एच, ई, एन. चार अक्षरी शब्दाला एकच गुण, पाचपासून पुढे मात्र जितकी अक्षरं तितके गुण. म्हणजे ‘काइट’ला एक आणि ‘थिंक’ला एकदम पाच. ‘चिकन’ (chicken) आणि ‘थिकेट’ (thicket, म्हणजे झुडूप) दोन्ही सात अक्षरांचे, पण एकात टी नाही, दुसऱ्यात एन नाही. सातच्या सात अक्षरं वापरणारा शब्द म्हणजे पॅनग्राम. त्याला वर सात गुण बक्षीस. इथे तो ‘किचन’ (kitchen). आणि तीच अक्षरं उलटसुलट केली की ‘थिकन’ (thicken, म्हणजे दाट करणे)! किचन सापडल्याच्या आनंदात हा दुसरा नजरेतून निसटतो आणि दिवसभर छळतो.

मोजकी अक्षरं द्यायची आणि शब्द काढायला लावायचे, ही कल्पना काही टाइम्सची नव्हे. १९३० च्या दशकातल्या मंदीत नोकरी गमावलेला आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स याने कुठलं अक्षर किती वेळा येतं हे वर्तमानपत्रांची पानं मोजून काढलं, त्यात टाइम्सचं पहिलं पानही होतं. त्या हिशोबातून पुढे स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायचा खेळ झाला. त्यात ‘एस’च्या सोंगट्या चारच आहेत, जास्त ठेवल्या असत्या तर जो तो शब्दाला एस जोडून अनेकवचनं करत बसला असता. स्पेलिंग बीमध्ये तर एस येतच नाही. नव्वद वर्षांपूर्वीची अडचण, तोडगा फक्त अधिक कडक.

मधल्या काळात फ्रान्समध्ये १९६५ पासून टीव्हीवर अक्षरांतून लांबात लांब शब्द काढायचा खेळ सुरू झाला. त्याचाच ब्रिटिश अवतार ‘काउंटडाउन’, १९८२ मध्ये चॅनल फोरवर लागलेला पहिला कार्यक्रम. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत नऊ अक्षरांचा चौकोन आणि मधलं अक्षर सक्तीचं, ही कोडी रुळलेली होती. लंडनच्या ‘द टाइम्स’मधल्या ‘पॉलिगॉन’ या अशाच कोड्यावरून न्यूयॉर्क टाइम्सचे कोडी-संपादक विल शॉर्ट्झ यांना ही कल्पना सुचली आणि कोडी रचणारे फ्रँक लाँगो यांनी ती आकाराला आणली. ज्या वर्तमानपत्राने १९२४ मध्ये अग्रलेख लिहून शब्दकोड्यांची खिल्ली उडवली आणि पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, १९४२ मध्ये, नाइलाजाने ती छापायला घेतली, त्याचं हे पुढचं पाऊल.

२०१४ मध्ये स्पेलिंग बी आलं ते रविवारच्या ‘मॅगझिन’ पुरवणीत, आठवड्यातून एकदा, कागदावर. तिथे शब्द किमान पाच अक्षरी, प्रत्येकाला एक गुण, पॅनग्रामला तीन. आपली यादी आपण करायची, उत्तरं पुढच्या आठवड्यात. एखाद्या शब्दावरून घरात वाद झालाच, तर शब्दकोश उघडून आपल्यापुरता निकाल लावता येत असे.

९ मे २०१८ ला ते रोजचं आणि डिजिटल झालं, आणि माझ्या मते खरा बदल इथे आहे. शब्द टाकला की त्याच क्षणी होय किंवा नाही. संपादक सॅम एझर्स्की यांच्या यादीत शब्द नसेल तर तो जगातल्या कुठल्याही शब्दकोशात असला तरी उपयोग नाही. फारच तांत्रिक, अनोळखी किंवा कुणाचं मन दुखावणारे शब्द गाळायचे, हे धोरण समजण्यासारखं आहे. पण अनोळखी कुणाला? ‘नान’ चालतो, तेव्हा आपल्याला बरं वाटतं. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्याला मात्र त्याचा रोजचा शब्द नाकारला गेला की राग येणारच, आणि तशा तक्रारी सतत होत असतात.

मराठीत हा खेळ उचलून आणायचा तर भांडण यादीच्या आधीच सुरू होईल. ‘क’ आणि ‘को’ एक धरायचे की वेगळे? वेगळे धरले तर सात अक्षरांत फार शब्द निघत नाहीत. एक धरले तर नुसत्या क आणि र मधून कर, करा, केर, कार, कोरा, कोरी असे निघत राहतात, आणि जोडाक्षरांना अजून हातही लावलेला नाही.

इंग्रजी खेळात एकूण गुणांच्या साधारण ७० टक्के झाले की ‘जीनियस’ ही पदवी मिळते. बरेच जण तिथे थांबतात. यादीतला शेवटचा शब्द काढणाऱ्याला ‘क्वीन बी’ म्हणतात, पण ही पायरी पदव्यांच्या तक्त्यात दाखवलेलीच नसते. नवं कोडं न्यूयॉर्कच्या पहाटे तीनला येतं. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. कालच्या कोड्याची पूर्ण यादी तेव्हाच खुली होते, आणि कुठला शब्द का नव्हता यावरची वादावादीही.