राजा मादी, राणी नर

ब्रिटनमधल्या नर्सरीत हॉलीचे दोन प्रकार हमखास मिळतात, ‘गोल्डन किंग’ आणि ‘सिल्व्हर क्वीन’. लालचुटूक फळं हवीत म्हणून कुणी राणी घरी आणली तर तो जन्मभर वाट बघत बसेल. कारण राणी नर आहे आणि राजा मादी! बारसं करणाऱ्यांनी पानांची सोनेरी-रुपेरी किनार तेवढी पाहिली असावी. फुलात काही डोकावले नसावेत.

हॉलीचा आपल्या होळीशी काडीचा संबंध नाही. काटेरी, चकचकीत पानांचं हे सदाहरित झाड. नाताळात तिकडे दारावर टांगतात ते हेच. पपईसारखी यातही नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. फुलझाडांच्या साधारण ६ टक्के जातींतच अशी फारकत असते. पपईचं बरं असतं, काही महिन्यांत फूल येतं आणि शेतकरी जास्तीचे नर उपटून टाकतो. बियांपासून वाढवलेली हॉली मात्र फुलायला कित्येक वर्षं घेते, आणि तोवर तिचं लिंग नुसतं बघून कळत नाही.

काटेरी पानांची हॉली नर आणि गुळगुळीत पानांची मादी, असा इंग्लंडमध्ये जुना समज आहे. तो साफ चुकीचा. एकाच झाडावर खाली काटेरी आणि शेंड्याकडे बिनकाट्यांची पानं असतात. हरणं-गुरं जिथवर तोंड घालू शकतात तिथवर काटे जास्त. स्पेनमधल्या संशोधकांना तर एकाच झाडाच्या या दोन प्रकारच्या पानांमध्ये डीएनएवरच्या रासायनिक खुणांचाही फरक आढळला. काटे हा चरणाऱ्या तोंडांचा हिशेब आहे, लिंगाशी त्याचं देणंघेणं नाही.

तेव्हा मे महिन्यात भिंग घेऊन फुलांपाशीच जायचं. फुलं जेमतेम सेंटिमीटरभर, पांढरी, बहुधा चार पाकळ्यांची. नर फुलात चार पुंकेसर ताठ उभे असतात, टोकाला पिवळे परागकण, आणि मधोमध अगदी खुरटलेला उंचवटा. मादी फुलाच्या मध्यभागी वाटाण्याच्या पिल्लासारखा हिरवा गोल अंडाशय ठसठशीत दिसतो. फसगत होते ती इथेच. मादी फुलातही चार पुंकेसर असतात, पण आखूड आणि वांझ, परागाविना. पुंकेसर दिसले की ‘नर’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. आधी हिरवा गोळा शोधायचा. फुलं ओळखायला मला तरी याहून सोपी खूण माहीत नाही.

झाडावर फळं असतील तर ते मादी, हे उघडच. उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. मादी अजून वयात आली नसेल, आसपास नर नसेल, फुलोऱ्याच्या वेळी पाऊस-गारठ्याने मधमाश्या फिरकल्या नसतील. किंवा माळ्याने हौसेने छाटणी केली असेल; इंग्लिश हॉली आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलते, त्या कापल्या की फळं गेलीच.

नर शेजाऱ्याच्या बागेत असला तरी चालतो, आणि एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. दोघांचा फुलोरा मात्र एका वेळी यायला हवा. अमेरिकेतल्या पानगळीच्या हॉलीत म्हणूनच जोड्या ठरलेल्या असतात: लवकर फुलणाऱ्या ‘रेड स्प्राइट’ला ‘जिम डँडी’, उशिरा फुलणाऱ्या ‘विंटर रेड’ला ‘सदर्न जंटलमन’. या भानगडीत पडायचंच नसेल तर ‘जे. सी. व्हॅन टोल’ ही जात आहे. मादीच, पण जवळ नर नसतानाही फळं धरते.

एवढं सगळं जमूनही डिसेंबरात झाड रिकामं दिसू शकतं. कस्तूर कुळातला मिसल थ्रश हा पक्षी हॉलीचं एखादं झाड आपलं मानून हिवाळाभर राखतो, इतर पक्ष्यांना हुसकावतो. कडाक्याच्या थंडीत भुकेल्यांचे थवे आले की त्या एकट्याचं काही चालत नाही, आणि झाड थोड्याच दिवसांत नर झाडासारखं हिरवंगार, बिनफळांचं दिसू लागतं.