काचेमागचा सांगाडा

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडनं जाताना दोन्ही हातांना निळसर काचेच्या दर्शनी बाजू दिसतात. लातूर, नांदेडही आता त्याच वाटेवर आहेत. गुत्तेदाराकडं येणारा मालक नकाशाचं बोलण्याआधी मोबाइल पुढं करतो, "असं एलिव्हेशन पाहिजे," म्हणजे अशी दर्शनी बाजू. फोटो बहुधा दुबईचा नाहीतर शिकागोचा असतो. 2020 च्या डिसेंबरात मुंबई वगळता जवळपास साऱ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली मिळाली, आपल्याकडंही इमारतींची उंची वाढू लागली आणि असे फोटो आणखी फिरायला लागले. मी तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवतो. वर्गातली पोरंही हेच फोटो दाखवतात. त्यातले कितीतरी टॉवर एकाच फर्मच्या टेबलावर आखले गेलेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

ती फर्म म्हणजे स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल, थोडक्यात एसओएम. लुई स्किडमोर आणि नॅथॅनिएल ओविंग्ज यांनी ती 1936 मध्ये शिकागोत सुरू केली. दोघं नात्यानं मेव्हणे, ओविंग्जची बहीण स्किडमोरच्या घरात दिलेली. 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाचं काम दोघांनी मिळून केलं होतं. 1939 मध्ये जॉन मेरिल आले आणि इंजिनिअरिंगची बाजू भक्कम झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पासाठी टेनेसी राज्यात ओक रिज हे अख्खं गाव वसवलं. त्याच्या आखणीचं काम याच फर्मकडं आलं. बघता बघता त्या गावची वस्ती 75,000 पर्यंत गेली. मोठ्या चमूनं, ठरल्या मुदतीत, वास्तुकार आणि इंजिनिअर यांनी एकत्र बसून काम उरकायची सवय अशा कामांतून मुरत गेली.

1952 मध्ये न्यूयॉर्कला याच फर्मचं लिव्हर हाउस उभं राहिलं. 24 मजले, अंगभर हिरवट-निळी काच. आराखडा गॉर्डन बनशाफ्ट यांच्या नावावर आहे. नताली द ब्वा या वास्तुकार बाईंचा त्यात मोठा वाटा होता, पण त्याची नोंद कित्येक वर्षं कुणी घेतली नाही. ती नोंद तेव्हाच व्हायला हवी होती. या इमारतीची काच वरच्या मजल्यांचं वजन उचलत नाही. वजन आतल्या पोलादी सांगाड्यावर, काच बाहेरून पडद्यासारखी लटकवलेली. खिडक्या उघडत नाहीत, सगळी भिस्त एसीवर. जालना रोडवरच्या काचेचं मूळ इथं आहे. न्यूयॉर्कच्या हवेत जन्मलेली ही बंद काच आपण मे महिन्यातल्या 42 अंशांत पश्चिमेच्या उन्हाला तोंड करून बसवतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

वजन एकानं पेलायचं आणि आडोसा दुसऱ्यानं करायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडची जुनी माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं खणांवर मोजली जायची. चार लाकडी खांब, वर तुळया, मधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर म्हटलं की ऐपत कळायची. नीट बांधलेल्या घरात माळवदाचा भार खांबांवर असायचा आणि भोवतालची दोन-तीन फुटी दगडमातीची भिंत फक्त स्वतःला पेलायची.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, माणसं दमून उशिरा निजलेली. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची रीत होती. वर्षानुवर्षं थर चढत ते छत फार जड झालं होतं. भिंतींना आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पदर, मधे माती आणि दगडांचा भुगा, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. भिंती फाटल्या आणि हजारो माणसं त्या ढिगांखाली गेली. पण जिथं लाकडी खांबांचा सांगाडा धड होता, तिथं काही घरांत भिंती पडूनही माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं. वर्गात सांगाडा हा विषय काढला की मी सुरुवात या घरांपासून करतो.

एसओएमच्या टॉवरची खरी गोष्ट सुरू होते ती फझलुर रहमान खान यांच्यापासून. जन्म 1929, ढाका. इंजिनिअरिंगचं शिक्षण बंगालमध्ये, 1952 मध्ये शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात आणि 1955 मध्ये एसओएममध्ये. उंच इमारतीला वजनाइतकाच, पुढं पुढं वजनापेक्षाही जास्त, त्रास वाऱ्याचा असतो. जुन्या पद्धतीत आत सगळीकडं खांब आणि तुळयांची जाळी असायची. उंची वाढली की वाऱ्याला तोंड देण्यासाठी पोलाद भरमसाट लागायचं. खान यांनी खांब बाहेरच्या कडेला जवळजवळ आणले आणि इमारतीची एक पोकळ नळीच केली. वेळू पोकळ असतो, तरी वादळात उभा राहतो, कारण त्याची ताकद कडेला असते. तसंच हे. शिकागोतली 43 मजली डेविट-चेस्टनट ही या पद्धतीची पहिली इमारत.

शिकागोतलंच खान यांचं जॉन हॅनकॉक सेंटर 1969 मध्ये झालं, 100 मजले, 344 मीटर. त्याच्या चारी बाजूंना मोठमोठ्या फुल्या दिसतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण वाऱ्याचा जोर त्या तिरक्या पट्ट्यांतून जमिनीकडं उतरतो. खान यांचे जोडीदार वास्तुकार ब्रूस ग्रॅहम. शिकागोतल्याच सिअर्स टॉवरच्या वेळी ग्रॅहम यांनी सिगारेटींची जुडी हातात धरून, काही वर काही खाली सरकवून खान यांना कल्पना दाखवली, असं सांगतात. त्या जुडीतून 75 फूट चौरसाच्या नऊ नळ्या एकमेकींना बांधलेला 110 मजली, 442 मीटरचा टॉवर उभा राहिला. दोन नळ्या 50 व्या मजल्यावर थांबतात, दोन 66 व्या, तीन 90 व्या, आणि उरलेल्या दोनच टोकापर्यंत जातात. 1998 पर्यंत ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. आज तिचं नाव विलिस टॉवर आहे. खान 1982 मध्ये, अवघ्या 52 व्या वर्षी गेले.

पुढची नावं सर्वांच्या तोंडी आहेत. शांघायचा जिन माओ, न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर. मुंबई विमानतळाचं 2014 मध्ये सुरू झालेलं टर्मिनल 2 याच फर्मचं. वर पसरत जाणारे त्याचे खांब आणि मोरपिसांसारखं छत आखातात कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांनीही पाहिलेलं असतं.

याच फर्मच्या, दुबईतल्या बुर्ज खलिफाजवळ मात्र थांबावं लागतं. 828 मीटर, 4 जानेवारी 2010 ला खुली झालेली. वास्तुकार एड्रियन स्मिथ, स्ट्रक्चरल इंजिनिअर बिल बेकर. मधे षटकोनी गाभा आणि त्याला तीन दिशांनी टेकलेले तीन पंख, म्हणजे प्रत्येक पंख बाकीच्या दोघांना धीर देतो. उंची वाढत जाते तसे पंख आळीपाळीनं आखडतात. त्यामुळं वाऱ्याला कुठल्याही उंचीवर सारखा आकार सापडत नाही आणि इमारतीला हलवणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यांची लय जुळत नाही. हे सारं वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल ठेवून तपासलं गेलं. वरचा पसारा 192 पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर उभा आहे. उन्हाळ्यात तिथं काँक्रीट रात्री ओतायचे आणि पाण्यात बर्फ घालायचे. आपल्याकडं मे महिन्यात भर दुपारी स्लॅब टाकणाऱ्या मिस्त्रींना मी हे आवर्जून सांगतो.

मोबाइलच्या फोटोत यातलं काही दिसत नाही. आपल्याकडं एलिव्हेशन आधी ठरतं, मालकाची पसंती होते, मग सांगाड्याचं गणित करणाऱ्या आरसीसीवाल्याला बोलावून "यात कॉलम बसवून द्या" म्हणतात. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. मुरूम किती फुटांवर लागतो हे विचारण्याआधी काचेचा रंग पक्का झालेला असतो. खान आणि ग्रॅहम पहिल्या रेषेपासून एकत्र बसत होते.

माझं आजोळ निलंग्याकडचं. भूकंपात मागची भिंत गेली, माळवद राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी वरची सगळी माती उतरवून पत्रे टाकले, आणि इंजिनिअरनं सांगितलं म्हणून प्रत्येक खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात एक तिरका धिरा ठोकून घेतला. सागाचे ते खांब अजून तेच आहेत. दरवर्षी पोरांना तिथं नेतो, आधी धिऱ्याची जाडी मोजायला लावतो आणि मग हॅनकॉकचा फोटो काढायला सांगतो.